खिशातलं टीव्हीवर आलं!

अहो, ऐकलंत का? जरा इकडे कुंपणाशी या. राहू द्या ती घेवड्याची शेंग, ती कुठे पळून जात नाही. कोपऱ्यावरच्या घरात गणपतीच्या दुसऱ्या दिवशी काय झालं ते कळलं की नाही? अख्ख्या एडिसनला कळलं आणि तुम्ही नेमक्या लेकीकडे बॉस्टनला!

नावं मी घेत नाही हं. मला नाही बाई सवय दुसऱ्याच्या घरातलं बोलायची. पण कोपऱ्यावरच्या वहिनी म्हणजे कोणत्या आणि त्यांचा धाकटा म्हणजे कोणता, हे तुम्हाला काय वेगळं सांगायचं? तोच तो, लहानपणी कायम खाली मान घालून बसायचा. मंडळाच्या कार्यक्रमात सगळे म्हणायचे, किती संस्कारी मुलगा, मोठ्यांसमोर मान वर करत नाही. संस्कारी कसला, मांडीत गेम बॉय असायचा!

तर तो धाकटा आला कॅलिफोर्नियाहून, बायको आणि दोन मुलं घेऊन. लेबर डेचा लाँग वीकेंड, घर माणसांनी भरलेलं. आरती झाली, मोदक झाले, मग मुलांची कुरकुर सुरू झाली. सूनबाईंनी आदल्या रात्रीच दोघांचे टॅब्लेट कपाटात घातले होते, ‘देवासमोर स्क्रीन नको’ म्हणून. हे वहिनी मला ओट्याशी हळूच सांगत होत्या, पण सुनेच्या कानावर जाईल एवढ्याच हळू. तेवढ्यात धाकटा म्हणाला, “चला, बाबाचा जुना गेम दाखवतो,” आणि तळघरातून काय घेऊन आला सांगा बघू? गेमक्यूब! निन्टेन्डोचा, टीव्हीला जोडून खेळायचा, जांभळा, मागे मूठ असलेला, 2001 सालचा तो. आणि त्याच्या बुडाला ते काळं खोकं, गणपतीला पाट दिल्यासारखं.

अहो, गेम बॉय प्लेयर हो! विसरलात? 2003 साली पन्नास डॉलरला आणला होता वहिनींनी, आणि पुढे कितीतरी महिने कूपनं कापत होत्या. गेमक्यूबच्या तळाचं झाकण काढायचं, खालून हे खोकं लावायचं, नाण्याने स्क्रू पिळायचे. समोर फट असते, तिच्यात गेम बॉयची कॅसेट सरकवायची. मुलं ‘कार्ट्रिज, आजी, कार्ट्रिज’ म्हणतात, पण आपल्याकडे कॅसेट ती कॅसेटच. लावली की जो गेम एरवी तळहाताएवढ्या पडद्यावर डोळे फोडून खेळायचा, तो सरळ टीव्हीवर.

सूनबाईंनी काय विचारावं? “आई, जांभळ्याला मॅचिंग नव्हतं का मिळालं?” वहिनींचा चेहरा बघायला हवा होता. धाकट्याने सावरून घेतलं. म्हणे जपानात जांभळा, नारिंगी, रुपेरी असे रंग निघाले होते, इथे अमेरिकेत फक्त काळाच आला. पण सावरलं म्हणून काय झालं? बोलायचं ते बोलून झालंच होतं ना.

तर काय सांगत होते... हां, चकती. खरी गंमत तिथेच.

त्या खोक्याला नुसती कॅसेट पुरत नाही. गेमक्यूबमध्ये त्याची ती बारकी चकती लागते, आठ सेंटिमीटरची. ती नसेल तर सगळं असूनही पडदा रिकामा. आतमध्ये अख्खा गेम बॉय ॲडव्हान्स भरलाय म्हणे, फक्त पडदा नाही आणि बटणं नाहीत. पडदा टीव्हीचा घ्यायचा, बटणं गेमक्यूबच्या कंट्रोलरची. पण त्या दोघांची ओळख करून द्यायला चकती हवी. आणि चकती कुठे? भाऊजींनी मागे गॅरेज सेल घातला होता ना, वहिनी भारतात गेल्या होत्या तेव्हा? सगळ्यांच्या माना एकदम भाऊजींकडे वळल्या. भाऊजी मोदकाच्या कळीकडे बघत बसले. धाकटा म्हणाला, “बाबा, हल्ली जुन्या बाजारात खोक्यापेक्षा त्या चकतीचीच किंमत जास्त आहे.” किंमत ऐकल्याबरोबर भाऊजींनी मोदक खाली ठेवला! माणसाला मुलाचं बालपण विकल्याचं एवढं वाटत नाही हो, स्वस्तात विकल्याचं वाटतं.

मग थोरल्याने, तो कॉम्प्युटरवाला, तोडगा काढला. म्हणे चकती नसली तरी मेमरी कार्डावरून दुसरंच सॉफ्टवेअर चालवतात लोक, गेम बॉय इंटरफेस नावाचं. फुकट असतं आणि चित्र कंपनीच्या चकतीपेक्षाही स्वच्छ येतं. धाकट्याचा चेहरा पडला. लहान भावाचं खेळणं मोठ्याने दुरुस्त करायचं म्हणजे... तुम्हाला दोन मुलगे आहेत, तुम्हाला कळेल.

पण तशी वेळच नाही आली. चकती सापडली! कुठे माहितीये? वहिनींच्या भीमसेन जोशींच्या अभंगांच्या सीडीच्या डबीत. वहिनी म्हणाल्या, मला वाटलं सत्यनारायणाची कथा असेल. बरं झालं गाडीत नाही लावली. त्या अरुंद फटीत लहान चकती गेली की बाहेर यायचं नाव नाही. पण गंमत अशी की चकती डबीत, मग अभंगांची सीडी कुठे? ती भाऊजींनी विकली! हे कळलं तेव्हा आधी पडला नव्हता तेवढा चेहरा वहिनींचा पडला. तो विषय अजून मिटलेला नाही. काल फोनवर आवाजावरून कळलं मला.

बरं, आता टीव्ही. हॉलमध्ये भिंतीवर तो नवा पासष्ट इंची आहे ना, ज्याचं वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुक सांगतात? त्याला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना घालायला जागाच नाही! सगळीकडे एचडीएमआय. थोरला कन्व्हर्टर शोधायला धावणार तोच आमचे हे म्हणाले, “खाली तो ढब्बू टीव्ही आहे ना?” आहे तर. भाऊजींना तो उचलता येत नाही म्हणूनच गॅरेज सेलमधून वाचलेला. मग काय, वरात तळघरात. आजी, काकू, मावश्या, हातात डिंकाच्या लाडवाच्या ताटल्या, सगळ्या जिन्याने खाली. मी कशाला जाणार होते, पण ताटल्या धरायला कोणी नको का?

आणि खरं सांगते, नव्या टीव्हीपेक्षा तिथे दिसलंही छान. गेम बॉयचं चित्र म्हणजे आडवे 160 ठिपके आणि उभे 144, बास. पासष्ट इंचावर एकेक ठिपका ढोकळ्याच्या वडीएवढा झाला असता. जुन्या काचेच्या टीव्हीत कसं सगळं मऊ, एकजीव. भोवती चौकट येते, तीही बदलता येते. त्यात टायमर आहे हे कळल्यावर सूनबाई पहिल्यांदा पुढे सरकून बसल्या.

थोरल्या नातवाने मात्र विचारलंच, “बाबा, डॉक कुठे?” त्याला बिचाऱ्याला काय माहीत! ही मुलं स्विचवर वाढलेली. 2017 पासून एकच यंत्र, खाचेत ठेवलं की टीव्ही, उचललं की हातात. आपल्या वेळी... म्हणजे यांच्या वेळी, हातातलं वेगळं आणि टीव्हीचं वेगळं घ्यावं लागायचं, दोन्हीचे पैसे आईबापांनी भरायचे, आणि दोन्ही जोडायला तिसरं खोकं, त्याचेही पैसे. आमचे हे म्हणाले, निन्टेन्डोवाले खरे कोकणस्थ. आमच्याच घरात बोलायची सोय नाही, मी गप्प बसले.

तर या जोडायच्या खोक्यावरून थोरल्या-धाकट्याची जुंपली. कारण थोरल्याकडे याच्या आधीचं होतं, सुपर गेम बॉय, 1994 सालचं. आठवतं ना, सुपर निन्टेन्डोमध्ये वरून खोचायची जाडजूड कॅसेट आणि तिच्या डोक्यात गेम बॉयची कॅसेट? गेम बॉयवर नुसत्या हिरवट चार छटा असायच्या, त्यात रंग भरता यायचे. थोरल्याचं म्हणणं, पोकेमॉनमध्ये गावागणिक रंग बदलायचा, गावाच्या नावाप्रमाणे. धाकट्याच्या या नव्या खोक्यावर ते होत नाही, लाल कॅसेट लावली की सगळी गावं तांबडी. धाकटा म्हणतो, तुझ्यावर ॲडव्हान्सच्या कॅसेटी चालत होत्या का? थोरला म्हणतो, तुझ्यावर रंग येतात का? दोघांच्या कपाळाला केस उरले नाहीत, पण भांडण तेच. बायका एकमेकींकडे बघून डोळे फिरवत होत्या. जावाजावांचं एकमत मी त्या घरात पहिल्यांदा पाहिलं.

आणि पेटीवाले काका! ते कशाला मागे राहतील? ते म्हणाले, “थोरल्याच्या त्या यंत्राचा सूर चढा होता. मी तेव्हाच सांगितलं होतं, कोणी ऐकलं नाही.” सगळे हसले. थोरला हसला नाही. म्हणाला, “काका, तुमचं बरोबर होतं!” अहो, खरंच तसं होतं. सुपर गेम बॉयला स्वतःचं घड्याळ नव्हतं, सुपर निन्टेन्डोचं उसनं घेऊन चालायचं, म्हणून गेम सुमारे अडीच टक्के पळायचा आणि गाणं एखादी श्रुती वर लागायचं. जपानात 1998 साली दुसरा सुपर गेम बॉय काढून ते दुरुस्त केलं, दोघांना जोडून खेळायची वायर लावायची सोयही दिली, पण तो इकडे आलाच नाही. काकांचा चेहरा असा फुलला! सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं मनात ठेवलं असणार त्यांनी. काकू म्हणाल्या, “आता आठवडाभर घरात हेच.” म्हणजे पेटीवाल्या काकांच्या काकू म्हणाल्या. काकू पुष्कळ आहेत आपल्याकडे, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग कॅसेटींचा डबा उघडला. एकेक निघतेय आणि एकेकीचं पुराण. एक कर्बीची, गेम बॉय हलवून, तिरका करून खेळायची. आता खोक्यात घातल्यावर काय तिरकं करणार? अख्खा गेमक्यूब! धाकट्याने मूठ धरून उचलला, डावीकडे कलवला, उजवीकडे कलवला, आणि पिवळी पिन निघून आली. सूनबाई म्हणाल्या, “बास.” एक बोक्ताई नावाची होती, तिला ऊन दाखवावं लागतं, कॅसेटीवर सेन्सर असतो. तळघरात ऊन कुठून आणणार? आणि एक कार्टूनची, गेम नव्हे, नुसतं बघायचं. ती बघून भाऊजी एकदम उठून पाणी प्यायला गेले. का ते तुम्हाला आठवत असेल. त्यांनीच तेव्हा व्हीसीआर जोडून ती टेप करायचा बेत केला होता, फुकटात नातेवाइकांना वाटायला. लावली तर पडद्यावर पाटी, या यंत्रावर चालणार नाही! कंपनीला आधीच माहीत होतं की जगात भाऊजी आहेत.

तर काय सांगत होते... पोकेमॉन. लाल कॅसेट. इथे 1998 च्या सप्टेंबरात आली ती. सोनेरी पण होती, नंतरची, पण ती लावली तर कोरी करकरीत, खेळलेलं सगळं गेलेलं. म्हणे तिच्यात घड्याळ चालतं, ते आतली नाण्याएवढी बॅटरी खाऊन टाकतं. लालमध्ये घड्याळ नाही, फक्त खेळ कुठवर आला ते जपायला बॅटरी. म्हणून लाल जिवंत! पंचविसाहून जास्त वर्षांनी! धाकट्याचे डोळे भरून आले हो. वहिनींचेही आले, पण त्यांना अभंग आठवत असावेत.

आता जरा जवळ या. इथून पुढचं हळू बोलते.

तो पोरगा त्या काळी काय करायचा ठाऊक आहे? गेम बॉयला आत दिवा नव्हता. अंधारात काही दिसायचं नाही. म्हणून सगळे झोपले की हा बाथरूममध्ये जाऊन दिव्याखाली खेळत बसायचा. आमच्या स्वयंपाकघरातून त्यांच्या बाथरूमची खिडकी दिसते, त्याला मी काय करणार? मी वहिनींना नुसतं विचारलं होतं, “मुलाचं पोट बरं आहे ना? रात्री एकला दिवा असतो.” काळजीने विचारलं! आणि टीव्हीच्या रिमोटमधले सेल कोण नेतं, असा प्रश्न त्यांना पडला होता, तेव्हाही मी फक्त सुचवलं. पुढे त्यांनी गेम बॉय माळ्यावर ठेवला तो त्यांचा निर्णय.

असो. तर टीव्हीवर धाकट्याचं जुनं खेळणं पुढे सुरू. मोठ्या शेवटाला येऊन थांबलेला होता तो. चार दिग्गज असतात, एकामागोमाग हरवायचे, आणि मग शेवटी अजिंक्यवीर. हरलं की पुन्हा पहिल्यापासून. थोरल्या नातवाने कंट्रोलर घेतला, धाकटा मागून सांगतोय, अख्खं तळघर ओरडतंय. पहिली बर्फवाली, गेली. दुसरा पैलवान, गेला. तिसरी एक म्हातारी, काठी टेकत भुतं सोडणारी. पेटीवाले काका उगाच आजींकडे बघून हसले, आजींनी ते बघितलं. चौथा ड्रॅगनवाला, तोही गेला. काय तो जल्लोष! एरवी हे सगळं एका पोराच्या मुठीत झालं असतं, कोणाला पत्ता लागला नसता. टीव्हीवर आलं म्हणून आजी टाळ्या वाजवत होत्या. म्हणून तर मला हे काळं खोकं फार आवडलं. हातातला गेम म्हणजे एकट्याचा, मागून डोकावलं तरी काही दिसत नाही. टीव्हीवर कोणाचं काही लपून राहत नाही.

आणि नाही राहिलं.

शेवटच्या दालनात कोण उभं? नायकाचा प्रतिस्पर्धी. पहिल्यापासून त्याच्या वाटेत येणारा, दर वेळी आडवा जाणारा. त्याचं नाव खेळणाऱ्यानेच ठेवायचं असतं, अगदी सुरुवातीला, सात अक्षरांत. धाकटा नातू नुकता वाचायला शिकलाय. त्याला पडद्यावर दिसेल ते मोठ्याने वाचायची हौस. बोट लावून वाचतोय, “के... ए... के... यू... काकू!”

तळघरात चिडीचूप.

वहिनींनी लाडू तोंडात कोंबला. आमचे हे छताकडे बघू लागले. धाकट्याचे कान लाल, “अगं... म्हणजे... मी दहा वर्षांचा होतो गं.” आणि अख्खं तळघर, अहो, लाडवाच्या ताटल्यांसकट अख्खं तळघर, माझ्याकडे बघतंय!

मी म्हटलं, काय बघता? काकू काय मी एकटीच आहे? पेटीवाल्यांच्या काकू आहेत, पलीकडच्या घरातल्या होत्या, मंडळातल्या निम्म्या बायका काकूच. शिवाय सातच अक्षरं मावतात, पोराला सोपं सुचलं ते लिहिलं असेल. आणि नीट बघा, तो पडद्यावरचा मुलगा आहे, केस उभे ताठ. माझे केस तसे आहेत का? सूनबाई म्हणाल्या, “नाही, काकू,” आणि तोंडाला पदर लावला. जीन्सवर ओढणी होती हो, तीच लावली.

मी नातवाला प्रेमाने सांगितलं, बाळा, पुसून टाक हे जुनं, तू आपला नवीन सुरू कर. एकाच खेळाची जागा असते ना त्या कॅसेटीत, नवीन जपला की जुना गेला. तर धाकटा असा ओरडला, “नाही!!” की आजींच्या हातातली ताटली हलली. एवढं काय! म्हणाला, “हिला हरवल्याशिवाय पुसायचं नाही.” हिला! माझ्यादेखत!

मग बसले. नातू हरला. थोरला म्हणाला, दे इकडे, तो हरला. पुन्हा चौघांपासून, पुन्हा शेवटी तीच... तोच. पेटीवाले काका बसले, त्यांनी बटणं पेटीसारखी दाबली. सूनबाईंनी टायमर लावला, तो वाजला, कोणी उठलं नाही. धाकटा स्वतः बसला, बाह्या सरसावून, आणि त्याचा चेहरा तसाच उतरला जसा माळ्यावर गेम बॉय गेला तेव्हा उतरला होता. रात्री एकपर्यंत दिवा होता हो त्यांच्या तळघरात. मला काय, स्वयंपाकघरातून दिसतोच.

काल निघाले ते सगळे विमानतळावर. गाडीत बसताना धाकटा पाया पडला, म्हणाला, “दिवाळीला येतो, काकू, तेव्हा बघा.” मी म्हटलं, ये की. सव्वीस वर्षं झाली, इतक्यांनी प्रयत्न केला, अजून कोणाला हरवता आलेलं नाही मला... म्हणजे त्याला. त्या उभ्या केसांच्या मुलाला हो.